कारभार कोणाच्या हाती? : देवबंद व अलीगढ येथील शाळा-व्यवस्थापन (१८६६–१९२०)

एकोणिसाव्या शतकातील मुस्लिम शिक्षणाविषयी मराठीत जे काही लेखन झाले आहे त्यात विचारांची चर्चा पुष्कळ आणि कारभाराची अगदी थोडी आढळते. अलीगढ म्हटले की इंग्रजी शिक्षण आणि देवबंद म्हटले की दीनी शिक्षण, एक आधुनिक आणि दुसरे परंपरावादी, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. परंतु शाळा केवळ विचारांवर चालत नाही. सकाळी कुलूप कोण उघडणार, हजेरी कोण घेणार, वसतिगृहातील पिठा-डाळीचा हिशेब कोणाकडे राहणार, बँकेच्या चेकवर सही कोणाची चालणार, शिक्षक अर्धा तास उशिरा आला तर त्याला विचारण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नांची उत्तरे ज्या संस्थेला वेळीच सापडतात ती टिकते. आपल्यापैकी ज्या सहकाऱ्यांनी एखाद्या अंजुमनच्या शाळेत चार महिने जरी प्रभारी म्हणून काम केले असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको. प्रस्तुत लेखात देवबंद व अलीगढ या दोन संस्थांचा इतिहास केवळ दैनंदिन कारभाराच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

जुनी घडी

या दोन्ही संस्थांपूर्वी उत्तर हिंदुस्थानात शिक्षणाची जी पद्धत होती तीत ‘व्यवस्थापन’ असे स्वतंत्र काही नव्हतेच म्हटले तरी चालेल. लखनौच्या फिरंगी महलाचे उदाहरण घ्यावे. मुल्ला निज़ामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने जो ‘दर्स-ए-निज़ामी’ प्रसिद्ध झाला तो याच घराण्यातील. तेथे विद्यार्थी शाळेत प्रवेश घेत नसे. तो उस्तादाकडे येई. वर्ग नव्हते, किताब होती. ती किताब संपली की उस्ताद सनद देत, आणि विद्यार्थी पुढची किताब शिकण्यासाठी कदाचित दुसऱ्याच उस्तादाच्या दारात जाऊन बसे. खर्च भागे तो वक़्फ, जागीर अथवा एखाद्या अमीराच्या वज़ीफ्यावर. अमीर होते तोवर हे सुरळीत चालले. कंपनी सरकारचा अंमल बसला, जागिरी आटल्या, आणि १८५७ नंतर तर दिल्लीतील आश्रयदाती घराणीच उद्ध्वस्त झाली. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो असा की ज्याच्या पाठीशी नवाब नाही आणि सरकारही नाही अशी शाळा महिनोन्‌महिने चालवावी कशी?

देवबंद : चंदा, रूदाद आणि मोहतमिम

३० मे १८६६ रोजी सहारनपूर जिल्ह्यातील देवबंद या कसब्यात छत्ता मशिदीच्या आवारात, डाळिंबाच्या झाडाखाली, मदरसा सुरू झाला. शिक्षक मुल्ला महमूद आणि पहिले विद्यार्थी महमूद हसन, जे पुढे शेखुल हिंद म्हणून विख्यात झाले. हा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. कारभाराच्या दृष्टीने त्याआधीची एक हकीकत मला अधिक मोलाची वाटते. देवबंदच्या परंपरेत असे सांगितले जाते की हाजी आबिद हुसैन यांनी एका रुमालाची झोळी केली, तीत प्रथम स्वतःचे तीन रुपये टाकले आणि मग ते गावात घरोघर चंदा मागावयास निघाले. अमीराच्या दारात एकदाच जाऊन गावभर इनाम मिरविणे निराळे आणि शेजाऱ्याच्या दारात दर साल उभे राहणे निराळे. दुसऱ्या प्रकारात हिशेब द्यावा लागतो.

देवबंदने तो दिला. मदरशाची वार्षिक ‘रूदाद’, म्हणजे जमाखर्चासह अहवाल, छापून निघू लागली. तीत देणगीदारांची नावे असत आणि देणगी कितीही लहान असली तरी तिची नोंद होई. कोणी रोख दिली, कोणी धान्य दिले, कोणी किताबे दिली. सुरुवातीस बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय गावातील घरांनी वाटून घेतली होती. अमेरिकन इतिहासकार बार्बरा मेटकाफ यांनी देवबंदवरील आपल्या ग्रंथात (१९८२) दाखवून दिले आहे की निश्चित अभ्यासक्रम, वर्गवार शिक्षण, ठरलेल्या परीक्षा, पगारी शिक्षक, स्वतंत्र ग्रंथालय ही सारी रचना फिरंगी महलापेक्षा सरकारी शाळांशी अधिक जुळणारी होती. यात नवल नाही. मदरशाचे पहिले सदर मुदर्रिस मौलाना मुहम्मद याकूब नानोतवी हे सरकारी शिक्षण खात्यात नोकरी करून आलेले होते आणि त्यांचे वडील मौलाना मम्लूक अली दिल्ली कॉलेजात शिक्षक होते. हजेरीपट आणि तपासणी म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवावयाची गरज नव्हती.

अधिकारांची वाटणीही आरंभीच झाली. सरपरस्त, मोहतमिम आणि सदर मुदर्रिस अशी तीन पदे होती. शिकविण्याचे काम सदर मुदर्रिसांकडे, कारभार मोहतमिमांकडे, आणि दोहोंवर वडीलकीची नजर सरपरस्तांची. सल्लामसलतीसाठी मजलिस-ए-शूरा. मौलाना मुहम्मद क़ासिम नानोतवी यांनी मदरशासाठी जी आठ तत्त्वे लिहून ठेवली ती ‘उसूल-ए-हश्तगाना’ म्हणून प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे त्यांतील सरकार व श्रीमंत यांचा सहभाग टाळावा हे कलम वारंवार उद्धृत होते आणि त्यावरून देवबंदचा इंग्रजविरोध सांगितला जातो. ते चुकीचे नाही. परंतु ही आठ कलमे एका बैठकीत वाचली तर ती राजकीय जाहीरनाम्यापेक्षा शाळा चालविणाऱ्या अनुभवी माणसाची टिपणे वाटतात. चंदा वाढविण्याकडे सतत लक्ष असावे. विद्यार्थ्यांचे जेवण बंद पडू देऊ नये. शूरेच्या सभासदांनी आपल्याच मताचा हट्ट धरू नये, दुसऱ्याचे म्हणणे पटले तर ते मान्य करावे. मोहतमिमांनी महत्त्वाच्या बाबतीत सल्ला घ्यावा. शिक्षक एकमेकांशी जुळणारे असावेत, एकमेकांस तुच्छ लेखणारे नसावेत. ठरलेला अभ्यासक्रम ठरल्याप्रमाणे पुरा व्हावा. आणि सहावे कलम तर विलक्षण आहे. जागीर, कारखाना, व्यापार किंवा एखाद्या अमीराचे पक्के वचन असे निश्चित उत्पन्न हाती आले तर अल्लाहवरील भरवसा ढळेल आणि काम करणाऱ्यांत भांडणे सुरू होतील, असा इशारा त्यात आहे. संस्थेच्या मालकीचे दुकानगाळे भाड्याने गेल्यावर कार्यकारिणीच्या निवडणुकीस जो रंग चढतो तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नानोतवींच्या व्यवहारज्ञानाबद्दल शंका राहणार नाही.

बराच काळ मोहतमिम असलेले मौलाना रफीउद्दीन हे स्वतः लिहिणारे-वाचणारे नव्हते असे देवबंदची परंपरा सांगते. तरीही त्यांचा कारभार नमुनेदार मानला जातो. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, अलीगढच्या हकिकतीत तो उपयोगी पडेल.

देवबंदपाठोपाठ त्याच वर्षी सहारनपूर येथे जो मदरसा निघाला तो पुढे ‘मज़ाहिरुल उलूम’ म्हणून ओळखला गेला. तेथील मौलाना मज़हर नानोतवी यांची एक सवय शेखुल हदीस मौलाना ज़करिया यांनी आपल्या ‘आप बीती’त नोंदविली आहे. मदरशाच्या वेळेत कोणी खाजगी भेटीस आले की मौलाना घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवीत आणि पाहुणे गेले की पुन्हा वेळ टिपीत. ही चिठ्ठी किताबेत असे. महिनाअखेर मिनिटांची बेरीज करून तेवढी रजा ते स्वतःच दप्तरात लावून घेत. त्यांच्यावर नजर ठेवणारा कोणी नव्हता, मस्टर नव्हते, आजचे बोटाचा ठसा घेणारे यंत्र तर नव्हतेच. अशी माणसे नियमाने घडविता येत नाहीत हे खरे. परंतु ती चिठ्ठी शेवटी दप्तरात जात होती हेही तितकेच खरे आहे.

तथापि देवबंदचे चित्र केवळ गुलाबी रंगात रंगविणे योग्य नव्हे. मदरशासाठी स्वतंत्र इमारत हवी की नको यावरून हाजी आबिद हुसैन आणि इतर मंडळींत मतभेद झाले होते. पुढे १९२७ च्या सुमारास कारभारावरूनच वाद विकोपास गेला आणि मौलाना अन्वर शाह काश्मिरी, शब्बीर अहमद उस्मानी यांच्यासारखे शिक्षक विद्यार्थ्यांसह देवबंद सोडून गुजरातेत सुरतेजवळच्या डाभेल येथे गेले. १९८० च्या शताब्दी समारंभानंतर तर संस्था दुभंगली व दुसरे दारुल उलूम निराळे झाले. म्हणजे नानोतवींनी वर्तविलेली भांडणे झालीच; त्यांना थोडा उशीर लागला इतकेच.

अलीगढ : एका सहीची गोष्ट

अलीगढची सुरुवातही समितीनेच झाली. १८६९-७० मधील इंग्लंडच्या प्रवासाहून परतल्यावर सर सय्यद अहमद खान यांनी कॉलेजासाठी निधी जमविणारी समिती उभी केली आणि तिचे सेक्रेटरी ते स्वतः झाले. २४ मे १८७५ रोजी शाळा सुरू झाली तेव्हा सर सय्यद बनारसला नोकरीत होते. अलीगढला प्रत्यक्ष धावपळ केली ती मौलवी समीउल्लाह खान यांनी. १८७६ मध्ये निवृत्त होऊन सर सय्यद अलीगढला राहावयास आले. ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते कॉलेजाची कोनशिला बसली.

अलीगढचे खरे वैशिष्ट्य वर्गापेक्षा वसतिगृहात होते. विद्यार्थ्याने घराबाहेर, एका छपराखाली, ठरलेल्या वेळापत्रकात राहावे हा केंब्रिजचा आदर्श सर सय्यद यांच्या डोळ्यांसमोर होता. परंतु वसतिगृह म्हणजे रोजचा संसार. स्वयंपाकी, पाणक्ये, नोकर, नमाज़ची हजेरी, सुन्नी व शिया मुलांच्या धार्मिक शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था, काळा तुर्की कोट व फेज़ टोपी, आणि जेवणाबद्दलची न संपणारी कुरकूर. शिकविणे इंग्रज प्राचार्य व शिक्षकांकडे आणि वसतिगृह हिंदी व्यवस्थापकांकडे अशी सुरुवातीची विभागणी होती. १८८३ मध्ये थिओडोर बेक हे अवघ्या चोविसाव्या वर्षी प्राचार्य म्हणून आल्यावर ती हळूहळू बदलली आणि वसतिगृहातील शिस्तही प्राचार्यांच्या कक्षेत गेली. इंग्रज शिक्षक विद्यार्थ्यांत मिसळत, त्यांच्याबरोबर खेळत, जेवत. त्याचा चांगला परिणाम नाकारता येत नाही. मात्र एक प्रश्न अनुत्तरित राहिला. पैसा समाजाचा, सेक्रेटरी समाजाचा आणि मुलांवर हुकूम प्राचार्यांचा, तर शेवटचा शब्द कोणाचा?

सर सय्यद हयात असेपर्यंत याचे उत्तर सोपे होते : सर सय्यद यांचा. बांधकामावर तेच उभे राहत, पत्रव्यवहार तेच करीत, देणग्या तेच आणीत. लॉटरी काढली, रंगमंचावर उभे राहिले, देणगीदारांची नावे दगडात कोरून भिंतींवर बसविली. (देवबंदच्या रूदादीतील एका आण्याच्या नोंदीशी या भिंतींची तुलना कोणी तरी सविस्तर करावी.) १८८९ मध्ये विश्वस्तांचे नवे नियम आले आणि त्यांत पुत्र सय्यद महमूद यांना जॉइंट सेक्रेटरी करून वारसा निश्चित करण्यात आला. समीउल्लाह खान यांनी याला आणि इंग्रज शिक्षकांच्या वाढत्या वजनालाही विरोध केला. मते सर सय्यद यांच्या बाजूने पडली. शाळेचे पहिले दिवस ज्यांनी निभावले ते समीउल्लाह खान आपल्या समर्थकांसह बाहेर पडले. माझ्या मते कारभाराच्या दृष्टीने हीच अलीगढची सर्वांत मोठी हानी होती, कारण त्यानंतर सेक्रेटरीला तोंडावर प्रश्न विचारील असा बरोबरीचा माणूस उरला नाही.

सहा वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली. १८९५ मध्ये उघडकीस आले की कॉलेजाच्या कार्यालयातील हेडक्लार्कने एक लाखाहून अधिक रुपयांचा अपहार केला आहे. त्या काळचा लाख रुपये म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. हा हेडक्लार्क अनेक वर्षे विश्वासातील होता. हिशेब आणि इंग्रजी पत्रव्यवहार दोन्ही त्याच्या हाती होते. सर सय्यद यांचे स्वतःचे इंग्रजी बेताचे होते; बँकेचे कागद इंग्रजीत. बनावट सह्यांनी बँकेतून पैसे निघत राहिले आणि ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. ज्याने रोजकीर्द लिहायची त्यानेच बँकेचे पासबुक सांभाळायचे आणि त्यानेच पत्रेही लिहायची, ही तीन कामे एका टेबलावर आली की प्रामाणिक माणसाचाही कस लागतो. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून महिन्याला एकदा ताळा घेणारा दुसरा माणूस अलीगढच्या त्या कार्यालयात नव्हता.

मौलाना हाली यांनी ‘हयात-ए-जावेद’ या सर सय्यद यांच्या चरित्रात (१९०१) हा प्रसंग लपविलेला नाही, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष होय. सर सय्यद यांना या प्रकाराचा जबर धक्का बसला. संस्थेवरील लोकांचा विश्वास डळमळला, विद्यार्थिसंख्या उतरली, आणि २७ मार्च १८९८ रोजी सर सय्यद गेले तेव्हा कॉलेज कर्जात होते. कुराणाचे भाष्यकार, ‘आसारुस्सनादीद’चे कर्ते, न्यायाधीश म्हणून आयुष्यभर दस्तऐवज तपासलेले सर सय्यद आपल्याच कार्यालयात फसले, आणि अक्षरशत्रू म्हणविले जाणारे रफीउद्दीन देवबंदचा हिशेब निर्वेध सांभाळून गेले. फरक बुद्धीचा नव्हता आणि सचोटीचाही नव्हता. देवबंदमध्ये हिशेब छापून शेकडो लहान देणगीदारांच्या हाती जात होता, आणि आपली एक आण्याची नोंद शोधणारा माणूस हा कोणत्याही ऑडिटरपेक्षा कडक असतो. अर्थात देवबंदची उलाढाल अलीगढच्या मानाने लहान होती व बँकेशी तिचा संबंध अल्प होता, ही गोष्टही तुलना करताना विसरता येणार नाही.

आपल्या भागाचा संदर्भ

मुंबई इलाख्यात, ज्यात तेव्हा बेळगाव-धारवाडही येत, चित्र थोडे वेगळे होते. येथील अनुदानपद्धतीत परीक्षेच्या निकालावर रक्कम ठरे. १९०४ च्या सरकारी ठरावाने निकालानुसार अनुदानाचे धोरण मागे पडले. अनुदान हवे तर जनरल रजिस्टर, हजेरीपट व तपासणी अधिकाऱ्याचा शेरा या गोष्टी चुकत नसत. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये स्थापिलेल्या मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामने १८८० मध्ये शाळा काढली. तिचे चालक वकील व व्यापारी होते, त्यांना ताळेबंद घरचाच. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था व बोर्डिंग उभे केले व स्वतः अध्यक्षपद घेतले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे शिक्षण १९०६ मध्ये सर्व राज्यभर नेले, आणि त्यासाठी गैरहजर मुलांच्या पालकांना दंड करण्याची यंत्रणा उभारली. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

परंतु हैदराबादचा दुवा अलीगढच्या कथेतच आहे. सर सय्यद यांच्यानंतर कॉलेज ज्यांनी सावरले ते दोघेही हैदराबादच्या कारभारात मुरलेले होते. नवाब मोहसिनुल मुल्क (सय्यद महदी अली) आणि नवाब विक़ारुल मुल्क (मुश्ताक़ हुसैन) यांनी सालारजंगांच्या काळापासून निज़ाम सरकारच्या महसुली व इतर खात्यांत वर्षे घालविली होती. ज्या राज्यात मराठवाड्याचे जिल्हेही येत त्या राज्याच्या दप्तरांची त्यांना सवय होती. १८९९ मध्ये मोहसिनुल मुल्क सेक्रेटरी झाले आणि सर सय्यद स्मारक निधीच्या निमित्ताने देशभर फिरून त्यांनी संस्थेला पुन्हा पायावर उभे केले. स्वभाव मात्र मिळवून घेण्याचा. प्राचार्यांशी वाद त्यांनी टाळला.

टाळलेला वाद फेब्रुवारी १९०७ मध्ये विद्यार्थ्यांनी ओढून आणला. अलीगढच्या प्रदर्शनात एक विद्यार्थी व पोलीस शिपाई यांच्यात झटापट झाली. प्राचार्य आर्चबोल्ड यांनी पोलिसांची बाजू घेऊन शिक्षा केली असे विद्यार्थ्यांना वाटले आणि त्यांनी संप पुकारला. कॉलेज बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोहसिनुल मुल्क वारले.

त्यांच्या जागी आलेले विक़ारुल मुल्क निराळ्या प्रकृतीचे होते. प्राचार्य हे विश्वस्तांचे नोकर आहेत, त्यांचे निर्णय सेक्रेटरी तपासू शकतो, ही त्यांची भूमिका. आर्चबोल्ड यांचे म्हणणे की शिस्त व शिक्षण यांत सेक्रेटरीने हात घालू नये. १९०९ मध्ये प्रकरण इतके ताणले की प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ह्यूएट यांनी प्राचार्यांच्या बाजूने वजन टाकले. विश्वस्त मंडळ विक़ारुल मुल्क यांच्या पाठीशी उभे राहिले आणि आर्चबोल्ड राजीनामा देऊन गेले. आपल्या इतिहासलेखनात हा प्रसंग परकीय सत्तेवरील विजय म्हणून येतो व ते स्वाभाविकही आहे. एक शिक्षक म्हणून मला मात्र आर्चबोल्ड यांची बाजू साफ मोडीत काढवत नाही. प्राचार्य इंग्रज होता म्हणून प्रश्न सोपा झाला. प्राचार्य जर शिबली नोमानींसारखा कोणी असता (आणि शिबली १८८३ पासून दीड दशक त्याच कॉलेजात शिकवीत होते), तर विश्वस्तांनी कोणाच्या बाजूने कौल दिला असता?

त्याचे उत्तर अलीगढला द्यावे लागले नाही. विक़ारुल मुल्क १९१२ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव पायउतार झाले, आणि १९२० च्या कायद्याने कॉलेजाचे विद्यापीठ झाले. महमूदाबादचे राजेसाहेब पहिले कुलगुरू झाले आणि सर सय्यद यांनी जन्मभर सांभाळलेले ऑनररी सेक्रेटरीचे पद त्या कायद्यात उरले नाही. ते उरले आपल्या अंजुमनांत.